डोनरच्या बेकरीतलं गिऱ्हाईक

न्यूयॉर्कमधली एक बेकरी. तिथल्या कामगारांनी एके दिवशी मालकाकडे अर्ज दिला, की या माणसाला कामावरून काढा. एक बाई सोडून सगळ्यांच्या सह्या. ज्याच्याविरुद्ध अर्ज होता त्यानं गल्ल्याला हात लावला नव्हता, दांड्या मारल्या नव्हत्या, कुणाच्या अंगावर धावून गेला नव्हता. उलट कणीक मळायचं यंत्र तो उत्तम चालवायचा, आणि यंत्रांची मांडणी बदलली तर काम किती लवकर उरकेल हेही त्यानंच मालकाला दाखवून दिलं होतं. १७ वर्षं तो तिथं होता. त्यातली जवळजवळ सगळी वर्षं त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तेवढ्या काळात त्याला काढा असं कुणी म्हटलं नाही. तो हुशार झाला आणि बघता बघता सह्या गोळा झाल्या.

हे प्रकरण डॅनियल कीज या अमेरिकन लेखकाच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ या कादंबरीतलं. १९५९ साली आधी कथा छापून आली, १९६६ साली तिची कादंबरी झाली. कथेला ह्यूगो, कादंबरीला नेब्युला. विज्ञानकथेच्या प्रांतातले दोन्ही मोठे मान तिला मिळाले. पुस्तकाचं नाव निघालं की लोक बुद्धी वाढवण्यासाठी केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतात, तीच शस्त्रक्रिया आधी झालेल्या अल्जरनॉन नावाच्या उंदराबद्दल बोलतात, आणि शेवटी ‘दुबळ्यांशी प्रेमानं वागावं’ असा बोध काढून मोकळे होतात. बोध चुकीचा नाही, पण पुस्तकातला तो सर्वांत सोपा भाग आहे. बेकरीचा धागा वेगळा काढून वाचला, तर गोष्ट बरीच अडचणीची निघते. मूळ कथेत बेकरी नाही, प्लॅस्टिकचे डबे बनवणारा कारखाना आहे. कादंबरी लिहिताना कीजनं बेकरी आणली ते बरं केलं. चार माणसं दिवसभर एकाच भट्टीपाशी राबतात, तिथं कोण कुणाला काय समजतं हे झाकून राहत नाही.

साक्षीदार एकच

कादंबरी म्हणजे चार्ली गॉर्डनने लिहिलेले ‘प्रगती अहवाल’. चार्ली ३२ वर्षांचा, बुद्ध्यांक ६८. प्रौढांसाठीच्या खास वर्गात तो अ‍ॅलिस किनियन या शिक्षिकेकडे लिहायला-वाचायला शिकतो. त्याची शिकण्याची ओढ पाहून ती त्याचं नाव एका प्रयोगासाठी सुचवते. मार्चमध्ये शस्त्रक्रिया होते आणि काही महिन्यांत बुद्ध्यांक १८५ पर्यंत चढतो. आधीचे अहवाल अशुद्धलेखनानं भरलेले, मग भाषा सुधारत जाते, मग इतकी अवघड होते की वाचकाची दमछाक होते, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी.

त्यामुळं बेकरीत काय घडलं हे आपल्याला फक्त चार्लीच्या तोंडून कळतं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जो कार्प, फ्रँक रायली, जिम्पी यांची बाजू मांडायला कुणी नाही. एरवी एका माणसाच्या जबानीवर कुणाचा निकाल लावू नये. इथं मात्र तोच साक्षीदार तीच माणसं वेगवेगळ्या बुद्धीनं पाहतो, आणि दर वेळी त्याला वेगळं दिसतं. कीजची खरी करामत मला ही वाटते.

मित्र

बेकरीचा मालक डोनर हा चार्लीच्या हर्मनमामाचा दोस्त. मामा गेल्यावर पोराला सांभाळीन असा शब्द त्यानं दिला होता आणि तो पाळला. चार्लीकडे झाडलोट आणि माल पोचवणं, ही कामं. जो आणि फ्रँक त्याला आपल्याबरोबर दारूच्या गुत्त्यावर न्यायचे, पाजायचे, नाचायला लावायचे. एकदा, कोपऱ्यापलीकडे पाऊस पडतोय का ते बघून ये, म्हणून त्याला बाहेर पाठवलं आणि हे सगळे निघून गेले. कुणी काही घोटाळा केला की बेकरीत म्हणायचे, यानं ‘चार्ली गॉर्डन’ केला. चार्ली सगळ्यांबरोबर हसायचा. तो अहवालात लिहितो की हे माझे चांगले मित्र आहेत, आम्ही खूप मजा करतो.

आपल्याकडे प्रत्येक कट्ट्यावर असा एकजण असतो. त्याला नाच म्हटलं की तो नाचतो, लग्नाचं विचारलं की लाजतो, आणि त्याची फिरकी घेणारेच वर छातीठोकपणे सांगतात की आम्ही त्याला कधी परकं मानलं नाही. त्यात खोटं काहीच नसतं, हीच तर पंचाईत. जो आणि फ्रँक चार्लीला खरोखरच आपला मानत होते. बाहेरच्या कुणी त्याला हात लावला असता तर ते धावून गेले असते. जिम्पीनं तर एकदा त्याला पावाचे गोळे वळायला शिकवायचाही प्रयत्न केला होता. त्याला जमलं नाही तो भाग निराळा, पण शिकवावंसं वाटणारा तो एकटाच होता.

शस्त्रक्रियेनंतर एका पार्टीत चार्लीला नाचायला उभं करतात. कुणीतरी पाय मध्ये घालतं, तो पडतो, सगळे हसतात. या वेळी मात्र त्याला हसण्याचं कारण कळतं. इतकी वर्षं आपण यांचे मित्र नव्हतो, यांचं गिऱ्हाईक होतो. अहवालात तो लिहितो की मला लाज वाटते. राग आल्याचं तो आधी लिहीत नाही, आधी लाज. अपमान समजायलाही आधी थोडी पत मिळवावी लागते, हे त्या नोंदीत नेमकं उतरलंय.

यंत्र

एप्रिलच्या सुरुवातीला कणकेच्या यंत्रावरचा माणूस काम सोडून जातो. जो आणि फ्रँक गंमत म्हणून चार्लीला यंत्रापाशी उभं करतात. गडबड होईल आणि दिवसभर हसायला विषय मिळेल, असा हिशेब. चार्ली आधीच्या माणसाला रोज पाहत आलेला असतो. तो यंत्र नीट चालवतो. डोनरला कळतं, तो चार्लीला बढती देतो. फ्रँक आणि जो हसत नाहीत.

माझ्या मते बेकरीतली सगळी पुढची भानगड या दिवसापासून सुरू होते. फिरकी उलटली, याचा राग कुणाला येत नाही असं नाही. पण इथं त्याहून मोठं काहीतरी गेलं. बेकरीत सर्वांत खाली कोण हे इतकी वर्षं ठरलेलं होतं. जिम्पीचा पाय अधू, जोला शिक्षण नाही, फ्रँक उभा जन्म भट्टीपुढे. तरी ‘निदान मी चार्ली नाही’ एवढं प्रत्येकाच्या पदरात होतं. तेच निसटलं.

दुसरा दोष प्रयोग करणाऱ्यांचा, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. शस्त्रक्रियेबद्दल बेकरीत बोलायचं नाही, असं डॉक्टर स्ट्रॉसनं चार्लीला बजावलेलं असतं. डोक्यावरची खूण पाहून जो चिडवतो, की काय रे, आत थोडी अक्कल घातली वाटतं? चार्ली सांगायला जातो आणि आठवण होऊन गप्प बसतो. म्हणजे बरोबरच्या माणसांनी काय पाहिलं? काल ज्याला पत्ता नीट सांगता येत नव्हता तो आज मालकाला सल्ला देतोय, उद्या परकी भाषा वाचतोय, आणि असं का झालं हे कुणी सांगत नाही. माणसं घाबरली तर त्यांना किती दोष द्यायचा? प्रयोगशाळेनं चार्लीची तपासणी रोज केली, त्याच्या आसपासच्या माणसांना मात्र खिजगणतीत धरलं नाही.

जिम्पी

या प्रकरणातला नैतिक पेच इथं आहे. चार्लीच्या लक्षात येतं की जिम्पी एका ठरलेल्या गिऱ्हाइकाकडून कमी पैसे घेतो आणि फरक दोघं वाटून घेतात. चोरी डोनरची, ज्यानं चार्लीला थारा दिला. चोर जिम्पी, ज्यानं त्याला शिकवायचा प्रयत्न केला.

चार्ली आपल्या विद्वानांकडे जातो. प्रयोगाचा प्रमुख प्रोफेसर नीमर म्हणतो, तू यात पडूच नकोस, तुझा संबंध काय? स्ट्रॉस म्हणतो, मालकाला सांगणं तुझं कर्तव्य आहे. दोघांची जुंपते आणि चार्ली होता तिथंच राहतो. अ‍ॅलिस सांगते, उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्यापाशीच आहे. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या निर्णयावर भरवसा टाकतं.

तो थेट जिम्पीला गाठतो, एका कल्पित मित्राची गोष्ट सांगावी तसं सांगतो, आणि थांबवायची एक संधी देतो. जिम्पी चोरी थांबवायचं कबूल करतो, पण उपकार मानत नाही. तू पूर्वीच बरा होतास, असं त्याचं म्हणणं.

वर्गात हे प्रकरण चर्चेला ठेवलं तर निम्मे लोक म्हणतील चार्लीनं शहाणपणा केला, निम्मे म्हणतील डोनरला फसवलं. मला त्याचा मार्ग पटतो. जिम्पीची नोकरी वाचली, डोनरचं नुकसान थांबलं, चारचौघांत कुणाची अब्रू गेली नाही. पण त्याची किंमत चार्लीनं मोजली. आपली चोरी ज्याला ठाऊक आहे असा माणूस रोज शेजारी उभा असणं कुणाला सोसत नाही, आणि तो माणूस कालपर्यंत आपल्या टपल्या खाणारा असेल तर मुळीच नाही. त्यानं माफ केलं म्हणून तर जास्तच सलतं.

सह्या

मे महिन्यात डोनर त्याला बोलावतो. तू वाईट नाहीस, पण तुझं काहीतरी झालंय आणि मला ते उमगत नाही, लोक तुझ्याबरोबर काम करायला तयार नाहीत, मला धंदा बघायचाय. चार्ली विनवण्या करतो. बुद्ध्यांकानं तो आता शहरातल्या बहुतेकांच्या वर आहे, आणि पाव भाजायच्या जागेतली नोकरी टिकावी म्हणून गयावया करतोय. घर म्हणावं असं त्याला दुसरं काही नाही. तो बहिणीला काही करेल या भीतीपोटी आईनं त्याला घरातून काढलं होतं. हेही त्याला आता बुद्धी आल्यावरच आठवायला लागलंय.

डोनर वाईट माणूस नव्हे. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द १७ वर्षं पाळणारे मालक किती असतात? पण शब्द ‘पोराला सांभाळीन’ असा होता. पोरगं सांभाळण्यापलीकडे गेल्यावर त्याचं काय करायचं, याचा विचार त्या शब्दात नव्हता. त्याला दुसऱ्या कामावर घालता आलं असतं, सगळ्यांना एकत्र बसवून बोलता आलं असतं. त्यानं सह्या मोजल्या.

सही न करणारी ती बाई म्हणजे फॅनी बर्डन. तिचं नाव चार्लीच्या बाजूनं घ्यायचा मोह होतो. पण ती काय म्हणते? हव्वेनं सापाचं ऐकून ज्ञानाचं फळ खाल्लं तिथंच पाप झालं. तुझं काहीतरी बरोबर नाही, शक्य असेल तर पूर्वीसारखा साधा हो. म्हणजे तिनं सही केली नाही ती न्यायबुद्धीनं, पण मनातून तिलाही जुनाच चार्ली हवा होता. सगळ्या बेकरीत नव्या चार्लीला हवासा मानणारं कुणीही नव्हतं.

चार्ली वर चढल्यावर

इथपर्यंत वाचून आपण चार्लीच्या बाजूला जाऊन बसतो. कीज फार वेळ बसू देत नाही.

नोकरी गेल्यावर चार्लीचा राग प्रयोग करणाऱ्यांकडे वळतो. शिकागोच्या परिषदेत नीमर त्याच्याबद्दल असं बोलतो, की जणू शस्त्रक्रियेआधी चार्ली नावाचा माणूस नव्हताच, तो आपणच घडवला. चार्ली अल्जरनॉनला घेऊन पळून जातो. त्याचा राग रास्तच आहे. पण नीमरला कोणत्या भाषा येत नाहीत, कोणते शोधनिबंध त्यानं वाचलेले नाहीत, हे कळल्यावर चार्ली त्याला ज्या नजरेनं पाहू लागतो ती आपल्या ओळखीची आहे. जोची नजर ती. फक्त आता हुद्दा बदललाय. अ‍ॅलिसही त्याला सांगते, की तुझ्यात पूर्वी एक ऊब होती, माणसांना तू हवासा वाटायचास. आता तुझ्यासमोर मला मूर्ख असल्यासारखं वाटतं. आणि एका मेजवानीत नीमर त्याला तोंडावर सुनावतो, की तू उद्दाम आणि आत्मकेंद्री झाला आहेस. नीमर म्हणाला म्हणून ते खोटं ठरत नाही.

खाणावळीतला प्रसंग या मधल्या काळातला. भांडी विसळणाऱ्या पोराच्या हातून बशा पडतात, फुटतात. मालक ओरडतो, गिऱ्हाइकं टोमणे मारतात. पोरगा काय चाललंय ते न समजून हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहतो. चार्लीच्या लक्षात येतं, की त्या पोराची समज आपल्या पूर्वीच्या समजेइतकीच आहे. आणि त्याच क्षणी हेही लक्षात येतं, की आपणही हसतोय. तो उठून सगळ्यांवर ओरडतो.

तो ओरडला म्हणून वाचकाला बरं वाटतं. मला आधीचं हसणं जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यानं १७ वर्षं हे सोसलं त्यालाही वरच्या बाकावर बसल्यावर पहिली उबळ हसण्याचीच आली. सोसलेला माणूस आपोआप कनवाळू होतो, ही आपली एक आवडती समजूत आहे. सासुरवास सोसलेल्या सुनेची सासू झाल्यावरची तऱ्हा ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पुन्हा बेकरी

चार्ली स्वतःच्याच बाबतीत शोध लावतो: कृत्रिमरीत्या वाढवलेली बुद्धी जेवढी जास्त वाढली, तेवढ्याच वेगानं ती ओसरते. अल्जरनॉन मरतो. नोव्हेंबरमध्ये चार्ली डोनरकडे जाऊन जुनं काम मागतो आणि डोनर ते देतो.

आता तिथं क्लाउस नावाचा नवा कामगार आहे. त्याला फक्त एवढंच ऐकून माहीत, की हा म्हणे मोठा हुशार आहे. तो चार्लीला काही तरी कोडं घालतो, उत्तर येत नाही म्हटल्यावर त्याचा हात धरून पिरगाळतो, मोडीन म्हणतो. चार्ली रडतो, त्याची विजार खराब होते. जो मध्ये पडतो आणि क्लाउसला हात सोडायला लावतो. नंतर जो, फ्रँक आणि जिम्पी चार्लीला सांगतात की कुणी त्रास दिला तर आम्हाला हाक मार, इथं तुझे मित्र आहेत हे विसरू नकोस. सह्या करणारेच ते हात.

याचा अर्थ काय लावायचा? माणसं सुधारली, पश्चात्ताप झाला, असं वाचणारे पुष्कळ. मला तसं म्हणवत नाही. चार्ली परत खाली आला, आणि खाली असलेल्या चार्लीवर माया करणं त्यांना आधीपासून येतच होतं. फरक एवढाच की आता ती माया टपलीवाचून आली. तेही काही थोडं नाही. एवढं मान्य करूनही, बरोबरीच्या चार्लीबरोबर राहण्याची परीक्षा त्यांनी पुन्हा दिली नाही, तशी वेळच आली नाही.

परीक्षा दिली ती चार्लीनं. ते विचारतात, डोनरला सांगून क्लाउसला काढायचं का? चार्ली नको म्हणतो. त्याला बायको आहे, मूल आहे, दुसरं काम शोधावं लागेल. शिवाय त्यानं झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली आहे. मला बेकरीतून काढलं तेव्हा मी किती दुःखी झालो होतो ते मला आठवतं, त्याला आणखी एक संधी द्या. तोवर त्याची जवळजवळ सगळी बुद्धी गेलेली आहे. शोधनिबंध गेला, भाषा गेल्या, पण काढून टाकल्यावर काय वाटतं ते टिकलं. जिम्पीला दिलेली संधी त्यानं विचार करकरून, तिघांचे सल्ले घेऊन दिली होती. क्लाउसला मिळाली ती अशी सहज.

आणि तरीही तो बेकरीत राहत नाही. एके दिवशी तो सवयीनं अ‍ॅलिसच्या जुन्या वर्गात जाऊन बसतो, तो आता त्या वर्गात नाही हेच विसरून. ती रडत बाहेर जाते. चार्ली म्हणतो, हा मी अगदी ‘चार्ली गॉर्डन’ केला. मग तो वॉरेन या मतिमंदांच्या निवासी संस्थेत जायचं ठरवतो. कारण बेकरीत सगळ्यांना माझी कीव येते, आणि मला ते नकोय. म्हणजे टिंगल झाली तेव्हा त्याला कळत नव्हतं म्हणून तो राहिला, द्वेष झाला तेव्हा त्याला काढलं, आणि कीव वाट्याला आली तेव्हा तो स्वतः होऊन निघाला. तिन्ही वेळा बेकरी तीच, भट्टी तीच, बहुतेक माणसंही तीच.

कीजचा हट्ट

कीज न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी शिकवायचा. १९५७ साली मागे पडलेल्या मुलांच्या वर्गातल्या एकानं त्याला विचारलं होतं, की मी खूप अभ्यास करून हुशार झालो तर मला साध्या वर्गात घालतील का? त्याआधी, कॉलेजात असताना, आपल्याला शिक्षण आपल्याच माणसांपासून दूर नेतंय हे त्याला जाणवलं होतं. बेकरीचं प्रकरण या दोन गोष्टींच्या मध्ये उभं आहे. त्या मुलाला वाटत होतं की हुशारी म्हणजे आत घेणारं दार. कीजला ठाऊक होतं की त्याच दारातून माणूस बाहेरही जातो.

कथा त्यानं आधी ‘गॅलक्सी’ मासिकाकडे नेली. संपादक होरेस गोल्ड यांचं म्हणणं पडलं, की शेवट गोड करा, चार्ली हुशारच राहू दे, त्याचं अ‍ॅलिसशी लग्न लावा. कीजनं नकार दिला आणि कथा दुसऱ्या मासिकात दिली. कादंबरीच्या वेळीही शेवट बदलायचा आग्रह झाला आणि वर्षभरात पाच प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. त्यानं तो गोड शेवट मान्य केला असता तर चार्ली बेकरीत परत आलाच नसता, क्लाउसची नोकरी कुणी वाचवली नसती, आणि जो, फ्रँक, जिम्पी यांची आपल्याकडची शेवटची ओळख त्या अर्जावरच्या सह्यांचीच राहिली असती.